बीटाची चकती

"आज दुकान बंद ठेवूया," आण्णा म्हणाले आणि अर्ध्यावर उचललेलं शटर तसंच हातात धरून उभे राहिले.

सोमवार होता. सकाळचे साडेनऊ. आत ओट्यावर सोळा मोठे ब्रेड येऊन पडले होते, बटाटे उकडून झाले होते, चटणी वाटून झाली होती. आणि गल्ल्यावर उभा राहणारा दिनकरकाका घरी गालाला फडकं बांधून कॉटवर बसला होता. आदल्या संध्याकाळी त्याची दाढ काढली होती. डॉक्टरांनी तोंडात कापसाचा बोळा कोंबून बजावलं होतं, तीन दिवस बोलायचं नाही. दिनकरकाकाला बोलू नको म्हणणं म्हणजे पंचगंगेला वाहू नको म्हणण्यासारखं होतं, पण दुखणंच तसं होतं. गाल असा सुजला होता की डोळा बारीक झाला होता.

आमचं दुकान कोल्हापुरात, कोर्टाच्या समोरच्या गल्लीत. सँडविचचं. या गावात सँडविच विकायला काय छाती लागत असेल ते गाववाल्यालाच कळेल. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मुंबईत अकरा वर्षं एका सँडविचवाल्याकडे काम केलं आणि परत येऊन हे दुकान टाकलं, तेव्हा लोक तोंडावर म्हणायचे, "चौगुले, माणसानं मिसळ खावी. हे काय म्हशीगत काकडी न् पाला?" तेच लोक पुढे वर्षभरात रांगेत उभे राहायला लागले. दुपारी एक ते दोन कोर्टाची सुट्टी. तेवढ्या तासात सव्वाशे माणसं यायची. सगळं दुकान त्या एका तासावर उभं होतं.

आण्णा कोळशाच्या शेगडीपाशी. लांब दांड्यांचे आठ टोस्टर त्यांच्या हाताखाली असायचे आणि एकही टोस्ट कधी करपायचा नाही. करपला टोस्ट म्हणजे करपली अब्रू, असं ते म्हणायचे. पुढे गल्ल्यापाशी दिनकरकाका. "बोला साहेब, टोस्ट का साधं? कांदा घालू का बायकोला भिता?" असं ओरडत ओरडत तो रांग हाकायचा. लोक म्हणायचे, चौगुल्यांचं दुकान दिनकरच्या तोंडावर चालतं. त्याचंही तेच मत होतं. "बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत," ही म्हण तो दिवसातून दोनदा तरी ऐकवायचा. ती कोणासाठी होती ते मला ठाऊक होतं.

मी मागे. पडद्याच्या आड, बटाट्याच्या पोत्यापाशी. सोलणं, चिरणं, चकत्या करणं. माझ्या काकडीच्या चकतीतून पेपर वाचता यायचा, उगाच सांगत नाही.

मागे का, तर माझी जीभ अडते. लहानपणापासून. लिहिताना बघा, थांबता थांबत नाही. बोलायला गेलं की गाडी घाटात. त्यातही काही अक्षरं गुणी आहेत, म, न, स ही मला फारसा त्रास देत नाहीत. क, ट आणि ह हे माझे जन्माचे वैरी. आणि दुकानात पुढे उभं राहिलं की बोलायचं काय? "काय देऊ?" आणि "टोस्ट का साधं?" वर घरच्यांनी नाव ठेवलं हेमलता. आता बोला.

त्याच्या आदल्याच आठवड्यात मी आण्णांना म्हटलं होतं, मला पुढे उभं राहू द्या. बावीस वर्षांची होते. पडद्याआडून सगळं दुकान ऐकायचं आणि दिसायचं काहीच नाही, याचा मला वीट आला होता. आण्णांनी माझं वाक्य पुरं होईपर्यंत ऐकून घेतलं, एवढं खरं. मग मायेनंच म्हणाले, "बाळ, गिऱ्हाईकाला थांबायला वेळ नसतो."

रागावले असते तर बरं झालं असतं. मायेनं बोललेलं जास्त लागतं.

तर त्या सोमवारी आण्णा शटर धरून उभे, आणि मी म्हणाले, "मी उभी राहते."

"तू?"

"मी."

आण्णांनी ओट्यावरच्या ब्रेडकडे पाहिलं. सोळा ब्रेड दुसऱ्या दिवशी शिळे होणार. कोर्टाची माणसं एक दिवस मिसळीकडे गेली की तिकडेच रुळणार. त्यांनी शटर वर ढकललं, पण माझ्याकडे बघितलं नाही. मला तेवढंच पुरेसं होतं. आज जमलं तर पुढे, नाही जमलं तर जन्मभर पोत्यापाशी, हे आम्हा दोघांनाही न बोलता कळलं होतं.

एकला पाच मिनिटं कमी असताना रांग लागली. पहिला होता कोर्टातला टायपिस्ट. मी गल्ल्यामागे उभी. एका हातात चकत्यांची थाळी, कारण ती ठेवायची कुठे हेसुद्धा मला सुचत नव्हतं.

"क... क... क..."

टायपिस्ट सभ्य होता. त्याने जमिनीकडे पाहिलं. त्याच्यामागे नलवडे वकील होते. मोठ्या आवाजाचे, मनानं चांगले, पण जगातलं कुठलंही वाक्य अर्धवट राहू नये असं वाटणारे. ते म्हणाले, "काय देऊ, असं विचारतीय ती."

हे मला सगळ्यात नको असतं. माझं वाक्य दुसऱ्यानं पुरं केलं की आपल्या ताटातला घास कोणीतरी उचलल्यासारखं वाटतं.

"टोस्ट द्या," टायपिस्ट म्हणाला.

आता हे आण्णांना ओरडून सांगायचं होतं. "ट... ट..."

मागून कोणीतरी म्हणालं, "आमची अडीचला सुनावणी हाय. हिचं त्याच्या आत संपंल न्हवं?"

हसू पसरलं. फार मोठं नव्हतं, पण रांगभर गेलं. दोघे जण रांग सोडून मिसळीच्या दिशेने निघाले. त्यांच्या पाठी मला अजून आठवतात. एकाच्या कोटाची शिवण उसवली होती.

आण्णांनी हातातला टोस्टर खाली ठेवला. ते हळू आवाजात म्हणाले, "हेमा, मागं ये."

माझे कान तापले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी खरंच एक पाऊल मागे घेतलं. मग थाळीकडे लक्ष गेलं. एका बाजूला काकडीच्या चकत्या, दुसऱ्या बाजूला बीटाच्या. माझ्या हातच्या, एकसारख्या, पातळ.

मला रागच आला. त्या रागातच मी काकडीची चकती उचलून टायपिस्टला दाखवली आणि ब्रेडकडे बोट केलं. मग बीटाची दाखवली आणि शेगडीकडे बोट केलं. त्याने एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं आणि बीटाला बोट लावलं. मी त्या चकतीवर चिमूटभर मसाला टाकून ती त्याच्या तळहातावर ठेवली.

"हात्तिच्या!" नलवडे ओरडले. "काकडी म्हंजे साधं, बीट म्हंजे टोस्ट. मला पण बीट."

मी गल्ल्याची फळी उचलली आणि थाळी घेऊन बाहेर पडले.

"अगं, कुठं चाललीस?" आण्णा मागून म्हणाले.

उत्तर द्यायला मला वेळ नव्हता, आणि माझं उत्तर म्हणजे वेळच. मी सरळ रांगेच्या कडेनं चालायला लागले. रांग पार स्टॅम्पवाल्यांच्या टेबलांपर्यंत गेली होती. सगळे उन्हात, डोक्यावर फायली धरून, भुकेनं वैतागलेले. सकाळपासून दुसऱ्याचं ऐकून घेतलेली माणसं. प्रत्येकापुढे मी थाळी धरायची, तो उचलायचा, मी मसाला टाकायची. नलवडे आपला नंबर सोडून मागे आले आणि रांगेत शिरून सगळ्यांना नियम समजावत होते, जन्मभर कोर्टात मिळालं नाही इतकं लक्ष त्यांना त्या दिवशी मिळालं. चौथ्या-पाचव्या माणसानंतर त्यांचीही गरज उरली नाही. पुढचा मागच्याला सांगत होता.

मी एक शब्दही बोलत नव्हते. पण आयुष्यात पहिल्यांदा मी माणसांच्या तोंडाकडे सरळ बघत होते. एरवी बोलायच्या भीतीनं मी बघायचीच नाही. कोणाची दाढी वाढली होती, कोणाचे डोळे रडून आल्यासारखे होते, एक म्हातारी बाई जमिनीच्या निकालासाठी गगनबावड्याहून आली होती आणि सकाळपासून उपाशी होती. तिला मी दोन चकत्या दिल्या. ती म्हणाली, "लेकी, अजून नंबर लागायचाय माझा." मी मान हलवली. तरी घे, अशा अर्थानं.

परत फिरले तेव्हा आण्णा शेगडीपासून मान उंच करून रांगेकडे बघत होते. दिनकरकाका माणूस गल्ल्यापाशी आल्याशिवाय विचारायचा नाही. त्यामुळे टोस्टवाल्याला ऐन वेळी पाच मिनिटं तिष्ठावं लागायचं. आता आण्णांना रांगेतल्या हातांमधल्या लाल चकत्या लांबूनच दिसत होत्या. "पैल्या दहात सात टोस्ट," ते स्वतःशीच पुटपुटले आणि त्यांनी आठही टोस्टर एकदम निखाऱ्यावर चढवले.

आता सगळं सुरळीत झालं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

कोल्हापूरच्या भुकेल्या माणसाच्या हातात तिखटमीठ लावलेली वस्तू द्यायची आणि ती नंबर येईपर्यंत जपून धर म्हणायचं, ही चूक मी केली. सहावा माणूस गल्ल्यापाशी आला तो रिकाम्या हातानं.

"चकती?" आण्णांनी विचारलं.

"खाल्ली की."

"काय हुती?"

"झ्याक हुती."

"तसं न्हवं हो! काकडी हुती का बीट?"

तो विचारात पडला. त्याच्यामागच्यानंही खाल्ली होती. त्याच्यामागच्यानंही. नलवडे वकिलांनी तर दोन खाल्ल्या होत्या आणि आता कुठली आपली आणि कुठली शेजाऱ्याची यावर शेजाऱ्याशी युक्तिवाद करत होते. आण्णा म्हणाले, "बोटं दाखवा, बीटाचा रंग लागला असंल." पण कोर्टातली बोटं ती. शिक्क्याची जांभळी शाई, कार्बनचा काळा, पेनाचा निळा. त्यात बीट शोधायचं कुठं?

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या सहाव्या माणसासमोर जाऊन उभी राहिले आणि त्याला सरळ जीभ काढून दाखवली.

तो दचकला. ही बया वेडावतीय की काय, असं त्याच्या चेहऱ्यावर आलं. मी बोटानं खूण केली, तुमची. तुमची दाखवा. त्याला उमगलं. त्याने भीत भीत जीभ बाहेर काढली.

लालभडक.

"टोस्ट!" आण्णा ओरडले.

मग काय विचारता. काळ्या कोटातली, टाय बांधलेली माणसं एकामागून एक येत होती आणि आण्णांपुढे जीभ काढत होती. लाल, टोस्ट. गुलाबी, साधं. एकाच खटल्यातले दोन वकील एकमेकांना जीभ दाखवून पोट धरून हसले; सकाळी आत एकमेकांवर धावून गेले होते म्हणे. रांगेत मागे उभी असलेली माणसं आपापली जीभ शेजाऱ्याला विचारून तपासून घेत होती. गगनबावड्याच्या म्हातारीनं पदराआड जीभ काढली आणि स्वतःच लाजली.

मग घोरपडे शिरस्तेदार आले. रांग आपोआप गप्प झाली. घोरपडेसाहेबांना हसताना कोणी पाहिलेलं नव्हतं. रोज एक साधं सँडविच, तेही घड्याळ बघत खायचे. त्यांच्या हातात काहीच नव्हतं. दिनकरकाकासुद्धा त्यांच्याशी थट्टा करायचा नाही. आण्णांनी माझ्याकडे बघून मानेनं नको नको केलं. मी माझी जीभ आतच ठेवली आणि वाट बघत उभी राहिले.

घोरपडेसाहेबांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. चष्मा काढून खिशात ठेवला. आणि जीभ बाहेर काढली.

अर्धी लाल, अर्धी नाही.

"दोन्ही द्या," ते म्हणाले. आणि हसले. वरचा एक दात सोन्याचा होता, हे कोर्टाला त्या दिवशी कळलं.

आयुष्यभर लोकांनी माझ्या जिभेकडे बघितलं होतं. त्या दुपारी मी सव्वाशे लोकांच्या जिभा बघितल्या. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दोनला दहा मिनिटं असताना ब्रेड संपले. घोरपडेसाहेब जाताना घड्याळ बघून म्हणाले, "वेळ रोजच्याइतकाच लागला हो चौगुले. पण आज थांबल्यासारखं वाटलं नाही." आण्णांनी मान डोलावली. मला वाटलं, आता ते मला काहीतरी म्हणतील. त्यांनी ओटा पुसला, शेगडीवर राख टाकली, सुरी धुतली. शेवटी शटर ओढताना म्हणाले, "उद्या बीट दोन किलो ज्यादा आणाय पायजे."

मंगळवार, बुधवार मीच होते. गुरुवारी दिनकरकाका परत आला. गाल उतरला होता आणि तीन दिवसांचं साठलेलं बोलणं होतं. मी पोत्यापाशी जाऊन बसले. जागा त्याची होती, आण्णांनी मला ती दिली नव्हती, दाढेनं दिली होती. पडद्याआडून मला ऐकू यायला लागलं.

"बोला साहेब! टोस्ट का साधं?"

लगेच पुन्हा दिनकरकाकाच.

"आं? हात कशाला पुढं केलाय? भविष्य बघायचंय व्हय?"

"चकती," घोरपडेसाहेबांचा आवाज आला.

"कसली चकती?"

"मुलगी कुठं आहे?"

मग दुसरा आवाज, "व्हय, चकतीवाली ताई कुठाय?" मग तिसरा. नलवडे तर मागून गर्जत होते. मी सुरी हातात धरून बसले. सोमवारचं आण्णांचं "मागं ये" माझ्या कानात तसंच होतं.

पडदा सरकला. आण्णा उभे होते.

"हेमा, पुढं ये."

मी थाळी उचलली. दिनकरकाका गल्ल्यावरून बाजूला झाला. "या हेडमास्तरीणबाई," म्हणाला, पण खोचून नाही, आणि सँडविच कापायला आण्णांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तिथूनही तो बोलतच होता, ते कोणाला थांबवता आलं असतं?

मी रांगेच्या कडेनं निघाले. तिसऱ्या नंबरावर एक नवीन माणूस होता, इचलकरंजीहून पहिल्यांदाच कोर्टात आलेला. त्याने चकती घेतली, आजूबाजूचे हसरे चेहरे पाहिले आणि सहज विचारलं, "ताई, नाव काय तुमचं?"

रांग ऐकत होती. सव्वा वाजला होता, ऐन गर्दी.

"ह..."

अडलं. पुढे जाईना, मागे येईना. "ह... ह..." मानेची शीर ताठली. नलवडे वकिलांनी तोंड उघडलं. त्यांना माझं नाव ठाऊक होतं, मदत करायची होती, दोन सेकंदांत विषय मिटला असता.

"थांबा वकीलसाहेब," शेगडीपासून आण्णा म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नव्हता. त्यांनी हात वर केला होता, आणि त्या हातात टोस्टर उचलायचं फडकं होतं. "ती सांगंल."

नलवडे गप्प. रांग गप्प. दिनकरकाकासुद्धा गप्प, सुरी ब्रेडवर टेकवून. उन्हात चाळीस माणसं फायली डोक्यावर धरून उभी होती आणि कोणाला घाई नव्हती. निखाऱ्यावरून धूर यायला लागला. करपल्याचा वास माझ्यापर्यंत आला. आण्णांचं नाक असं की शेजारच्या गल्लीत दूध लागलं तरी कळायचं. ते हलले नाहीत. माझ्याकडे बघत उभे राहिले.

"ह... हेम... हेमलता," मी म्हणाले. मग अजून श्वास होता, म्हणून पुढचंही सांगितलं. "हेमलता चौगुले. ह्यांची मुलगी."

"बरं, हेमलताताई," तो इचलकरंजीचा माणूस म्हणाला, "मला अजून एक बीट मिळंल काय?"

रांग हसली. मीही हसले. आण्णा पाठ फिरवून शेगडीकडे वळले आणि बराच वेळ धुरात डोळे पुसत राहिले.

त्या दिवशी तीन टोस्ट करपले. गिऱ्हाईकाला देण्यासारखे नव्हते. दोन वाजून गेल्यावर, दिनकरकाका घरी गेल्यावर, आम्ही दोघं मागे बटाट्याच्या पोत्यावर बसलो आणि आण्णांनी सुरीनं काळं खरवडून एक माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला. तिसरा मध्ये ठेवला.

"कडू लागतंय काय?" त्यांनी विचारलं.

मी तोंड भरलेलं असतानाच मान हलवून नाही म्हटलं.

आज दुकान माझं आहे. शेगडी मी सांभाळते, थाळी घेऊन रांगेच्या कडेनं माझी सून जाते, आणि कोर्टातली नवी पोरं जुन्यांना विचारून जीभ काढायला शिकतात. एकतीस वर्षांत चौगुल्यांच्या दुकानात टोस्ट करपले ते त्या एकाच दिवशी. कोणी विचारलं तर मी ते लपवत नाही. सावकाश, अडखळत, पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगते, आणि ऐकणाऱ्याला थांबावं लागतं.